पंधरा ऑगस्ट : रंग घरचे, हात मुलांचे



पंधरा ऑगस्ट जवळ आला की मुले शाळेतून हुकूम घेऊनच घरी येतात. "बाईंनी सांगितलंय, काहीतरी करून आणा." हे काहीतरी म्हणजे काय, ते मुलाला ठाऊक नसते आणि आईला त्याहून नसते. ती बिचारी नुकतीच खुरपणीवरून आलेली असते, चूल पेटवायची असते, धार काढायची वेळ झालेली असते. मग कुणीतरी बाजारातून प्लॅस्टिकचा झेंडा आणून देतो आणि विषय मिटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच झेंडा शाळेमागच्या नाल्यात पडलेला दिसतो. एखादे गुरू तो चघळताना मी स्वतः पाहिले आहे. असे प्लॅस्टिक जनावराच्या पोटात गेले की ते पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही. प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, पण बंदीपेक्षा आपली गाय आपल्याला जास्त कळते.

तेव्हा चौदा तारखेच्या संध्याकाळी दीड-दोन तासांत लहान मुलांना बरोबर घेऊन घरातल्याच वस्तूंतून काय करता येईल, ते आज सांगणार आहे. बाजारातून फार तर एक पांढरा कागद आणावा लागेल.

पण त्याआधी एक गोष्ट. बाकीचा लेख वाचायला सवड झाली नाही तरी चालेल, एवढे मात्र वाचाच.

हा महिना असा असतो की खरिपाची पेरणी होऊन गेलेली असते आणि उरलेले बियाणे घरातच कुठेतरी पडलेले असते. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोनाड्यात, कुणाच्या देवळीत. दोन पसे बाजरी, वाटीभर मका, थोडे सोयाबीन. टाकवत नाही म्हणून ठेवलेले. ते दाणे गुलाबी, तांबडे, कधी हिरवे, कधी निळे असतात. मुलांना असा रंग दिसला की दुसरे काही सुचत नाही, आणि शाळेत तर धान्याचे चित्र चिकटवून आणायला सांगितलेले असते.

सांगायला संकोच वाटतो, पण ही चूक माझ्याच घरी झाली आहे. गावोगावी फिरून लोकांना बीजप्रक्रिया शिकवणारा मी, प्रात्यक्षिकातून उरलेल्या संकरित बाजरीची पिशवी घरी आणून फडताळात पुस्तकांशेजारी ठेवली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. चौदा ऑगस्टला संध्याकाळी घरी आलो, तर ती ओसरीवर पुठ्ठा घेऊन बसलेली. "बाबा, बघा, मला केशरी दाणे सापडले!" दाणा उचलला जावा म्हणून ती बोट जिभेला लावत होती, मग दाण्याला, मग परत जिभेला. ओठसुद्धा गुलाबी झालेले. माझ्या पायांतले बळच गेले. साबणाने तिचे हात-तोंड धुतले, चूळ भरायला लावली आणि बियाण्याची पिशवी खिशात घालून तिला तडक दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पिशवीवरचे औषधाचे नाव वाचले, रात्रभर लक्ष ठेवले. सुदैवाने काही झाले नाही. पण सकाळी झेंडावंदनाला उभा होतो तेव्हा माझे लक्ष झेंड्याकडे नव्हते, तिच्या ओठांकडे होते.

तो रंग शोभेसाठी दिलेला नसतो. बियाण्याला थायरमसारखे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते आणि हे खाण्याचे धान्य नव्हे हे एका नजरेत कळावे म्हणून ते रंगवतात. 'खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी वा तेलासाठी वापरू नये' असे पिशवीवर लिहिलेलेही असते. पण लिहिलेले मोठ्यांसाठी, रंग लहानांसाठी. आणि लहानांना त्या रंगाचा अर्थ नेमका उलटा वाटतो. दाणे धुतले तरी औषध पूर्ण जात नाही. कोंबड्यांपुढेही ते टाकू नयेत. तेव्हा आजच, हे वाचून झाल्यावर, उरलेल्या बियाण्याची पिशवी तोंड बांधून कुलपात ठेवा. कधी मुलाच्या तोंडात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. तोंड-हात धुवा आणि पिशवी बरोबर घेऊन दवाखाना गाठा. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत झेंड्याची काठी खोचण्याची कल्पना मुलांना सुचते, तीही तिथल्या तिथे मोडून काढावी.

आता कामाला लागू.

पहिला झेंडा. झेंड्याचे माप मनाने घेऊ नये. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असते. ठरलेल्या मापांपैकी घरी करायला सोयीचे माप म्हणजे साडेबावीस सेंटीमीटर लांब आणि पंधरा सेंटीमीटर रुंद. यात प्रत्येक पट्टा बरोबर पाच सेंटीमीटरचा येतो आणि मधले चक्र चार सेंटीमीटर व्यासाचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला पट्टीने दोन रेघा आखू द्याव्यात. वाकड्या आल्या तर खोडून पुन्हा. या कामात घाई करायची नाही.

केशरी रंग हळदीचा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवावी. नुसती लावली तर पिवळा येतो. त्यात कपड्याच्या साबणाचे पाणी थेंबथेंब घालावे, म्हणजे डोळ्यांदेखत पिवळ्याचा तांबूस केशरी होतो. हे थेंब मुलालाच टाकू द्या, त्याला जादू वाटेल. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर, हेही त्याला सांगा. घरात पानाचा चुना असला तर त्यानेही हाच रंग येतो, पण चुना मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. चुन्याचे बोट डोळ्यात गेले तर डोळा जायची वेळ येते. साबणाच्या पाण्यावर काम भागते. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून कागद सावलीत वाळवावा.

हिरव्यासाठी पालकाचे किंवा मेथीचे पान कागदावर तसेच चोळावे, नाहीतर ठेचून रस काढून बोळ्याने लावावा. दोन-तीन हात लावले म्हणजे रंग भरतो. पाने आणायला मुलांना एकटे बांधावर धाडू नका. बांधावर गाजरगवत माजलेले असते, ते उपटले की कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते, खाज सुटते. अळूचे पान मोठे आणि देखणे म्हणून मुले तेच तोडतात, तेही खाजते. आणि कपाशीवर किंवा भाजीवर नुकतीच फवारणी झालेली असेल तर त्या वावरातले पान नकोच. परसातला पालक बरा.

चक्राचा रंग निळा. कुंपणावर गोकर्णीचा वेल असेल तर पावसाळ्यात तो फुललेला असतोच. दहा-बारा गडद निळी फुले अर्ध्या वाटी गरम पाण्यात टाकावीत, पंधरा मिनिटांत सुरेख निळे पाणी मिळते. त्यात लिंबू पडू देऊ नका, लगेच जांभळे होते. (नंतर वेगळ्या पेल्यात लिंबू पिळून मुलांना तीही गंमत दाखवा.) गोकर्ण नसली तर निळे पेन आहेच, त्यात कमीपणा नाही.

चक्राला आरे चोवीस. इथे बहुतेक झेंडे चुकतात. कुठे सोळा, कुठे वीस, जसे बसतील तसे. मुलाला घडीने शिकवा. वेगळ्या कागदाचा वाटीएवढा गोल कापा. तो एकदा मधोमध दुमडा, म्हणजे दोन भाग. त्या अर्ध्याच्या सारख्या तीन घड्या करा, सहा भाग झाले. ती घडी पुन्हा निम्मी केली की बारा, आणखी एकदा निम्मी केली की चोवीस. उलगडले की मध्यातून निघालेल्या चोवीस सुरकुत्या दिसतात. हा गोल झेंड्याच्या मध्यावर टाचणीने धरून चहूकडे चोवीस टिंबे करायची, गोल काढून घ्यायचा, आणि मध्यापासून टिंबाकडे पट्टीने रेघा ओढायच्या. रेघा चार सेंटीमीटरच्या वर्तुळातच थांबवायच्या. तीनची घडी पहिल्यांदा जमत नाही. मला आजही दुसऱ्या खेपेला जमते. मागच्या बाजूलाही सगळे असेच रंगवावे, झेंडा दोन्ही अंगांनी सारखा दिसला पाहिजे.

काठीला मागच्या सालची तुराटी घ्यावी. हलकी असते, सरळ असते. टोक घासून बोथट करावे. चिकटवायला डिंक विकत आणू नका. दोन चमचे कणीक वाटीभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर शिजवली की झाली खळ. पूर्वी वह्या बांधणारे लोक खळीत किडा लागू नये म्हणून मोरचूद घालीत. आपल्याला तो घालायचा नाही. मुलांची बोटे तोंडात जाणारच, हे धरूनच चालावे.

हात चालू असताना गोष्ट सांगावी. मला विचाराल तर नंदुरबारच्या शिरीषकुमारची सांगा. १९४२ सालच्या ९ सप्टेंबरला मुलांच्या मिरवणुकीत हाती तिरंगा धरलेला हा मुलगा गोळीबारात पडला. सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. त्या काळच्या काँग्रेसच्या झेंड्यावर मध्ये चरखा असे. चक्र असलेला आजचा झेंडा घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. अगदी लहान मुलाला गोळीबाराचे सांगू नये, त्याला झेंड्याचे सांगावे. मराठवाड्यातल्या घरांतून आणखी एक सांगण्यासारखे आहे : १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडे निजामाचेच राज्य होते, ते गेले १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून तिथल्या मुलांच्या वाट्याला झेंडावंदनाचे दिवस एकाने जास्त. गावात नव्वदीतले कुणी आजोबा-आजी असतील तर मुलांना त्यांच्याकडेच धाडा.

झेंडावंदन झाल्यावर कागदी झेंडे वाटेत टाकायचे नाहीत. हा नुसता शिष्टाचार नव्हे, ध्वजसंहितेतच तसे लिहिलेले आहे. मुलांनाच काम द्यावे की वर्गातले सगळे झेंडे गोळा करून आणा. चांगले असतील ते वहीत जपून ठेवावेत, फाटलेले असतील ते घरच्या मोठ्यांनी एका बाजूला, चारचौघांत नव्हे, आदराने अग्नीला द्यावेत. केशरी पट्टा वर राहील एवढे पाहावे. झेंड्यावर नाव, शाळा, तुकडी काहीही लिहू नये. बाई गुण देण्यासाठी नाव मागतात, ते काठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून द्यावे.

अंगणात रांगोळीने झेंडा काढण्याची हौस पुष्कळांना असते. माझे मत विचाराल तर काढू नये. पाय पडतो, कोंबडी फिरते, श्रावणसर येऊन सगळे एक होऊन जाते. त्यापेक्षा तीन रंगांचा मोर काढा, फूल काढा.

आता खाण्याकडे वळू. शाळेतून जिलेबी मिळते ती मिळू द्या. झेंडावंदनानंतरची जिलेबी हा आपल्याकडचा रिवाजच झाला आहे, तो मोडा असे मी म्हणणार नाही. पण घरी तिरंगी काही करायचे म्हणून रंगपंचमीचा उरलेला रंग किंवा सुट्या पुडीतला भडक रंग पदार्थात घालू नका. तो कशाचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

घरचा तिरंगी भात करावा. दोन वाट्या तांदळाचा मोकळा भात शिजवून त्याचे तीन भाग करावेत. एक भाग तसाच, वरून मीठ आणि साजूक तूप. दुसऱ्यासाठी दोन टोमॅटो बारीक चिरून तेलात हळद आणि थोडे तिखट घालून तेल सुटेपर्यंत परतावे आणि त्यात भात मिसळावा. तिसऱ्यासाठी पालकाची अर्धी जुडी उकळत्या पाण्यात दोन मिनिटे झाकण न ठेवता टाकावी, लगेच गार पाण्यात काढावी आणि मूठभर कोथिंबीर व एक मिरची घालून वाटावी. हे वाटण तेलावर परतून भातात घालावे. रंग टिकावा म्हणून काहीजणी सोडा टाकतात. रंग टिकतो, पण भाजीतले जीवनसत्त्व जाते; मग पालक खाल्ला काय आणि न खाल्ला काय. हिरव्या भातात आधी लिंबू पिळू नये, रंग मळकट होतो. ताटात घेतल्यावर पिळावे.

वाटीला आतून तुपाचे बोट फिरवून भात दाबून भरण्याचे काम चार वर्षांच्या मुलालाही येते. आधी केशरी, मग पांढरा, शेवटी हिरवा. वाटी ताटात पालथी घातली की केशरी वर येतो. मुले हमखास उलटे भरतात आणि वाटी काढल्यावर चेहरा पाडतात. आमच्या घरी एका वर्षी सगळ्याच वाट्या उलट्या निघाल्या. पुन्हा एका ताटात पालथ्या घालून सुलट केल्या आणि जेवलो. मात्र भातावर चक्र काढू नये. तीन रंग खावेत, झेंडा खाऊ नये, असे आमच्या घरी ठरलेले आहे.

गोडाला तिरंगी करण्याचा हट्टच सोडा. हिरवा गोड पदार्थ घरच्या रंगात नीट होत नाही आणि मुलांना आवडतही नाही. त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू मुलांच्या हातून वळून घ्या. दोन वाट्या शेंगदाणे, एक वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे तूप. दाणे भाजायचे ते आईने. बाकी सोलणे, पाखडणे, निवडणे मुलांचे.

हे निवडणे मात्र खेळ म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात घरातले दाणे दमट होतात आणि त्यांवर बुरशी धरते. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा, खवट दाणा बाजूला काढायला मुलांना शिकवा. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर परिणाम करते आणि भाजल्याने नाहीसे होत नाही. 'भाजले की चालते' ही समजूत घराघरात आहे, ती चुकीची. काढलेले दाणे म्हशीच्या आंबोणातही घालू नयेत. विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध पुन्हा आपल्याच मुलाच्या पेल्यात येते. मुलांची नजर बारीक असते. एकदा कळले की ती आपल्यापेक्षा चांगले निवडतात. खराब दाण्यांचे त्यांनी केलेले ढीग मोजा, शाबासकी द्या, हात धुवायला लावा, आणि ते दाणे खड्ड्यात पुरून टाका.

चांगल्या दाण्यांचे कूट करून गूळ घालून पुन्हा एकदा कुटावे, तूप सोडावे, आणि गोळा मुलांपुढे ठेवावा. पंधरा-सोळा लहान लाडू होतात. आकार जसे येतील तसे येऊ द्या. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, श्वासनळीत अडकतो. त्याला कुटाचा लाडूही मऊ कुस्करूनच द्यावा.

राहिले ते धान्याचे चित्र. शाळेने सांगितलेले असते आणि माझ्या मुलीला त्या दिवशी तेच करायचे होते. ते करावे, पण स्वयंपाकघरातल्या डब्यांतून. मसुराची डाळ केशरी असते, तांदूळ पांढरा, मूग हिरवे. निसर्गाने तिन्ही रंग वाण्याच्या दुकानात आणून ठेवले आहेत. शाळेत द्यायचे तेवढे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावे. पुठ्ठ्यावरचे धान्य पुन्हा खाण्यात आणू नये.

घरातले मोठे चित्र मात्र न चिकटवता, स्वच्छ धुतलेल्या परातीत मांडू द्यावे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ, अर्धी वाटी मूग असे तिघांचे तीन पेले भरून मुलांच्या पुढे ठेवा. बैल काढा म्हणावे, मोर काढा, महाराष्ट्राचा नकाशा काढा. आमच्याकडे पहिल्या वर्षी नकाशात कोकण फार फुगले आणि विदर्भाला तांदूळ पुरले नाहीत. दाणे इकडेतिकडे होतात, भांडण होते, पुन्हा मांडतात. कधीकधी एखाददुसरा दाणा तोंडात जातो, जाऊ दे.

सगळ्यांनी पाहून झाले, आजोबांना बोलावून दाखवले, की परात तशीच उचलून आईकडे द्यायची. मूग अख्खे असतात म्हणून सगळे धुऊन अर्धा तास भिजत घालावे. जिरे, हिंग, हळद, आले-मिरचीची फोडणी करून साडेपाच-सहा वाट्या गरम पाणी आणि चवीपुरते मीठ घालावे. कुकरच्या चार शिट्ट्या पुरतात. खिचडी मऊ होते, चार-पाच माणसांना पुरते. वरून तूप, सोबत भाजलेला पापड. पानात वाढताना मुले विचारतात, माझा मोर कुठल्या घासात आला?